खदान वस्तीचे अंगठे

पुणे, ९ जुलै २०२५

प्रिय आत्यास,
सप्रेम जयभीम.

फोनवर मी दोन शब्दांत आटपते अशी तुझी तक्रार आहे, म्हणून लिहिते आहे. पोस्टमन जुन्या खाणीतल्या आपल्या वस्तीत उतरत नाही हे लक्षात आहे. पत्र छायामावशीच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे.

कामाचं आधी. नाशिकच्या बावीस वस्त्यांमधल्या सार्वजनिक शौचालयांचे रोजचे तक्ते आमच्या संस्थेकडे येतात, हे तुला माहीत आहे. तक्ता मी तयार केला आहे. खदान वस्तीच्या देखरेख समितीचे तक्ते छायामावशी रोज फोटो काढून पाठवतात, ते मी स्वतः तपासते. पंधरा एप्रिलपासून आजपर्यंत तुमची प्रत्येक नोंद ‘समाधानकारक’ आहे. पाणी, दिवे, कड्या, मैल्याची टाकी, सगळं. बावीसमध्ये तुमची वस्ती वर आहे. अभिनंदन.

एक गोष्ट खटकली. पंधरा एप्रिलपूर्वी तक्त्याखाली तीन सह्या असायच्या. त्यानंतर तिन्ही ठिकाणी अंगठे आहेत. समिती बदलली का? तू आता त्यात नाहीस का? नव्या बायकांना लिहितावाचता येत नसेल तर तक्ता न वाचताच अंगठा उठवला जाईल, आणि मग त्या नोंदीला अर्थ राहत नाही. मी अहवालात खदान वस्तीसाठी साक्षरता वर्गाची शिफारस केली आहे.

तक्त्यातलं अक्षर मात्र तुझ्या सूनबाईचं, राखीचंच आहे, ते ओळखलं. तिला सहावा महिना लागला ना? लोहाच्या गोळ्या रिकाम्या पोटी नकोत, एवढं तिला सांग. समर्थची अंबडच्या कारखान्यातली पाळी बदलली का?

तुझी,
दिशा

•

खदान वस्ती, नाशिक, १७ जुलै

चि. दिशास आत्याचा जयभीम आणि आशीर्वाद.

मी सांगते, राखी लिहिते. तिचं अक्षर तुला आवडतं म्हणून.

तुझं पत्र छायाने दुकानात सगळ्यांसमोर वाचलं. साक्षरता वर्गाचं ऐकून बायका लय हसल्या. भागीबाई म्हणाली, बाई पुण्याची दिसती. मी म्हटलं, नाय गं, ही तर माझ्याच घरात दहावी झाली, ह्याच खाणीत दगडावर बसून पाढे म्हणायची.

वर्ग पाठव. शिकवायला कोण येणार तेवढं कळव, बसायला गोणपाट टाकून ठेवते.

समिती तीच हाय. मी, छाया आणि वरच्या आळीची नवसाबाई. रोज सकाळी जातो, बघतो, राखी लिहिते. मी कुठं गेले नाय. मला सही कोणी शिकवली ते तू आठव, मग पुढचं बोलू.

पाण्याचं सांगते. सकाळी नळ आला की पहिल्या दोन हंड्यांना वास येतो. पहिला हंडा आम्ही ओतून देतो. राखी नळावर जाते, नको म्हटलं तरी ऐकत नाय.

समर्थची पाळी तीच. तब्येतीला जप. तुझ्या पत्रात जेवलीस का ते कुठंच नसतं.

तुझी आत्या

(ताई, हे माझं मी लिहितेय. आईंना राग आलाय, पण दाखवत नाहीयेत. बाळ फार लाथा मारतं. तक्ता लिहायला टेकले की नेमकं तेव्हाच. – राखी)

•

पुणे, २८ जुलै

प्रिय आत्यास,

पहिला हंडा ओतून देणं पुरेसं नाही. नीट वाच, राखीलाही वाचू दे.

नळाला पाणी नसतं तेव्हा जमिनीतला पाइप रिकामा असतो. त्याला कुठे तडा असेल तर तो आजूबाजूचा ओलावा आत ओढतो. पाणी सुटलं की तेच आधी बाहेर येतं. पहिल्या पाण्याला वास येतो त्याचं कारण हे. प्रश्न एवढाच आहे की ओलावा कशाचा. शौचालयामागची टाकी आणि नळाचा पाइप यांत किती अंतर आहे? मला आठवतं त्यानुसार फार नसावं.

पाणी उकळा. बुडबुडे आल्यावर आणखी पाच मिनिटं ठेवा. राखीने तर न उकळलेलं पाणी चूळ भरायलाही घेऊ नये. पाण्यातून होणारी कावीळ इतरांना महिनाभरात बरी होते. गरोदर बाईला, शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर ती आई आणि बाळ दोघांच्या जिवावर येऊ शकते. घाबरवायला लिहीत नाही, माहिती म्हणून लिहिते.

आता तक्ता. टाकी भरली असेल तर तक्त्यात लिहा. सतरा जुलैचा तक्ता माझ्यासमोर आहे. टाकी ‘समाधानकारक’, पाणी ‘समाधानकारक’. त्याच तारखेला तू मला पत्रात लिहितेस की पाण्याला वास आहे. माझ्या आत्याचं पत्र आलं म्हणून मी पाहणीचं पथक पाठवू शकत नाही. तक्त्यात नोंद लागते. आणि कामगाराचं नाव भरत जा. नावाचा रकाना मी मुद्दाम घातला आहे. नाव असलं की जबाबदारी ठरते.

सही मीच शिकवली होती, विजेच्या बिलाच्या मागे. विसरलेले नाही. मग सही का करत नाहीस? हात थरथरतो का? की दिसत नाही? मोतीबिंदू तपासून घे.

जेवते वेळेवर.

दिशा

•

खदान वस्ती, ६ ऑगस्ट

चि. दिशास आशीर्वाद.

माझे डोळे चांगले हायेत. तुझेच तपास.

लिहा म्हणतेस. लिहिलं होतं. अकरा एप्रिलचा तक्ता काढ. ‘टाकी भरली, मागून पाणी वाहतं, गाडी पाठवा.’ राखीने ठळक लिहिलंय. खाली आमच्या तिघींच्या सह्या, आणि तुझ्या रकान्यात नाव. नवनाथ.

नवनाथ घोटीकडचा. रोज पहाटेच्या गाडीने यायचा, संडासाच्या कडीलासुद्धा फडकं मारायचा. टाकीचं त्यानेच आम्हाला दाखवलं. म्हणाला, मावशी, माझं मुकादम ऐकत नाय, तुम्ही बायका लिहा, तुमचा कागद पुण्याला जातो. म्हणून लिहिलं.

गाडी आली नाय. पंधरा तारखेला मनोज मुकादम आला. तुमची तक्रार मिळाली म्हणे, कारवाई केली. कसली रे? तर म्हणे, ज्याचं नाव होतं त्याला काढला. नवनाथ डबा घेऊन निघाला, आमच्याकडे बघितलं नाय त्याने. बघायला हवं होतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

त्याच्या जागी भागीबाई आली. वरच्या आळीची, एकटी बाई. आता तू सांग, मी तिचं नाव लिहून पुण्याला पाठवू? टाकी ठेकेदाराने उपसायची, गाडी ठेकेदाराची, आणि रकाना भागीबाईच्या नावाचा.

त्या दिवशी दुकानात बसून ठरवलं. लिहायचं सगळं ठीक. पण दिशा, ती सही मी वयाच्या चाळिसाव्या वर्षी शिकले. तू अकरा वर्षांची होतीस. ‘विमला’तल्या ‘ला’ची काठी वाकडी आली की माझ्या बोटांवर पट्टी मारायचीस. खोट्याखाली ती सही करायची नाय असं मी ठरवलं. खोट्याला अंगठा. छाया सातवी शिकलीय, नवसाबाई भजनाची वही लिहिते, त्या पण म्हणाल्या, आमचा पण अंगठा.

मला वाटलं, दुसऱ्या कोणाला नाय तर तुला कळेल. तू वर्ग पाठवायला निघालीस.

खालच्या आळीत तीन पोरांचे डोळे पिवळे झालेत. राखी उकळलेलंच पिते, तुझं पत्र आल्यापासून. त्याच्या आधीचं काय ते आता सांगता येत नाय.

आत्या

(ताई, अंतर मोजलं. माझी दोन मोठी पावलं. – राखी)

•

पुणे, १६ ऑगस्ट

प्रिय आत्यास,

पत्र अकराला मिळालं. लगेच उत्तर दिलं नाही, कारण आधी तपासायचं होतं.

बावीस वस्त्यांचे वर्षभराचे तक्ते मी पुन्हा काढले. मजकूर वाचला नाही, फक्त खालच्या खुणा पाहिल्या. मे महिन्याच्या अखेरीपासून आणखी पाच वस्त्यांमध्ये सह्यांच्या जागी अंगठे येऊ लागले आहेत. एका वस्तीत एक निवृत्त शिक्षिका समितीवर आहे, तिचाही अंगठा आहे. हे कसं झालं?

मी आमच्या साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं असं की अंगठा कायद्याने सहीइतकाच ग्राह्य आहे, त्यातून नोंद खोटी होती असा अर्थ काढता येत नाही. तीस ऑगस्टला तिमाही बैठक आहे. तिथे सहा वस्त्यांचा नकाशा आणि कोष्टक मांडायला त्यांनी परवानगी दिली आहे. तोवर माझे आकडे पक्के होतील.

तुम्ही एक करा. एक तक्ता खरा भरा. नावाचा रकाना रिकामा सोडा, खाली सह्या करा. तो एक कागद माझ्याकडे असेल तर बैठकीत माझी बाजू बळकट होईल.

राखीची भूक कमी झाली, लघवी गडद झाली किंवा डोळे जरा जरी पिवळे वाटले तर वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात न्या.

नावाच्या रकान्याबद्दल मी विचार करते आहे.

दिशा

•

पुणे, ४ सप्टेंबर

प्रिय आत्यास,

उत्तर आलं नाही. समर्थचा फोन बंद आहे. छायामावशी ‘आत्याच सांगेल’ एवढंच म्हणून ठेवतात.

एकोणीस ऑगस्टपासून तक्त्यातलं अक्षर बदललं आहे. आधीच्या दोन दिवसांत राखीच्या ओळी उजवीकडे उतरत गेल्या आहेत. तिच्या ओळी कधी उतरत नाहीत.

आता कोण लिहितं?

दिशा

•

खदान वस्ती, १३ सप्टेंबर

चि. दिशास,

हे छाया लिहिते, मी सांगते.

राखीला एकोणीस तारखेला दवाखान्यात नेलं. आदल्या दिवशी तक्ता लिहिताना म्हणाली, आई, अक्षरं हलतात. डोळे बघितले तर हळदीसारखे. समर्थ कामावर होता, आम्ही बायकांनीच रिक्षा केली. भागीबाई राखीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

चार दिवस तिला कोणाची ओळख नव्हती. तेवीस तारखेला बाळ झालं. आठवा महिना लागला नव्हता. मुलगी. रडली नाय. नर्सने मला विचारलं, बघायचीय का? मी बघितली. राखीला दाखवली नाय. ते बरोबर केलं का चूक, कोणाला विचारू?

राखी वाचली. डॉक्टर म्हणाले, दहातल्या दोन-तीन जातात, ही राहिली. सहा तारखेला घरी आणली. भिंतीकडे तोंड करून असते. काल एकच बोलली. आई, रोज समाधानकारक मीच लिहीत होते ना.

तुझं सोळाचं पत्र दुकानात वजनकाट्याखाली होतं. दवाखान्यातून आल्यावर वाचलं. मेमध्ये सगळ्या समित्यांची बैठक झाली, तिथं चहाच्या वेळी बाकीच्या वस्त्यांच्या बायकांनी विचारलं, विमलाबाई, तुम्ही शिकलेल्या, तुमचा अंगठा कसा? मी सांगितलं. एवढंच झालं होतं. तीस तारखेला तुझी बाजू बळकट झाली का?

आणखी एक. मंगळवारी तू आली होतीस. छायाने बघितलं. टाकीपाशी वाकून टेप लावत होतीस, संगं दोन माणसं होती. तिथून आपलं घर वीस पावलं. आली नाहीस.

आत्या

•

पुणे, १७ सप्टेंबर

प्रिय आत्यास,

मंगळवारी मी आले होते. टाकी आणि पाइप यांत एक मीटर साठ सेंटिमीटर अंतर आहे. टाकीच्या त्या बाजूच्या भिंतीला तळापर्यंत तडा आहे. पाइप दोन ठिकाणी गंजून उघडा पडला आहे. पाण्याचे नमुने दूषित निघाले. टाकी उपसून पाइप दुसरीकडून नेण्याचा आदेश निघाला आहे.

तीस तारखेच्या बैठकीत काही ठरलं नाही, म्हणून मी ‘तातडीची नोंद’ केली. हे सगळं अकरा ऑगस्टला करता आलं असतं. अशी नोंद करण्याचा अधिकार माझ्या हुद्द्याला आहे. त्याला बैठक लागत नाही, साहेबांची परवानगी लागत नाही. फक्त खाली माझं नाव लिहावं लागतं आणि नोंद चुकीची निघाली तर उत्तर मला द्यावं लागतं. मी आकडे पक्के करत बसले.

या काविळीची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात. म्हणजे राखीला लागण जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत केव्हाही झाली असेल. अकरा ऑगस्टला कदाचित उशीर झालेलाच होता. हे मी सुटकेसाठी लिहीत नाही. कारण एप्रिलमध्ये उशीर झालेला नव्हता. बारा एप्रिलला तुमचा खरा तक्ता माझ्याकडे आला होता. मी त्यावर शेरा मारला, ‘ठेकेदाराकडे कार्यवाहीसाठी’. पंधराला उत्तर आलं, ‘कार्यवाही पूर्ण’. मी नोंद बंद केली. कार्यवाही म्हणजे नवनाथ होता.

राखीला सांग, शब्द तिने लिहिला, पण तिला दुसरा शब्द लिहिण्याची जागा मी ठेवली नव्हती.

ठेकेदाराचा माणूस आता तुमच्याकडे कागद घेऊन येईल असा माझा अंदाज आहे. एप्रिल ते ऑगस्ट समितीची तक्रार नव्हती, असं लिहिलेलं असेल. काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी सांगण्याच्या जागी नाही.

दिशा

•

खदान वस्ती, २५ सप्टेंबर

चि. दिशास आशीर्वाद.

आजचं मी माझ्या हाताने लिहिते. वाकडंतिकडं चालवून घे.

टाकी सोमवारी उपसली. दोन गाड्या भरल्या. पाइप आता रस्त्याच्या पलीकडून येणार, खोदलंय.

मनोज काल आला. तू लिहिलंस तसाच कागद. छायाच्या दुकानात आम्ही सगळ्या होतो, राखी पण होती. चार दिवसांपासून दुकानापर्यंत येते. बोलत नाय.

मनोजने खिशातून निळ्या शाईचा पॅड काढला. झाकण उघडून माझ्यासमोर धरला. म्हणाला, मावशी, नेहमीसारखा अंगठा द्या, विषय संपला. बरोबर पॅड घेऊन आला होता बघ.

मी म्हटलं, कागदात काय लिहिलंय ते वाच.

म्हणे, तुम्ही कधीपासून वाचून अंगठा लावायला लागल्या?

छाया म्हणाली, लावायच्या आधी वाचतोच आम्ही, म्हणून तर अंगठा लावतो. त्याला काही कळलं नाय.

मग आवाज खाली करून म्हणाला, नाय दिला तर भागीबाईचं अवघड होईल, विचार करा.

भागीबाई खराटा घेऊन दाराशी उभी होती. म्हणाली, ए मनोज, माझं नाव घ्यायचं तर मोठ्यानं घे. ह्या बायकांनी पाच महिने मला झाकली. त्यात त्या पोरीची पोर गेली. आता मला झाकायचं नाय. विमलाबाई, लिवा माझं नाव पयलं.

मी पेन मागितलं. छायाला उधारीच्या वह्यांत पेन सापडेना. तेवढ्यात राखी उठली, तिने पेन पुढं केलं. तेच, तक्त्याचं. दवाखान्यातून आल्यापासून कुठं ठेवलं होतं तिने, मला माहीत नाय. मी हात पुढे केला तर दिलं नाय. कागद स्वतःकडे ओढला आणि त्यांच्या टाइप केलेल्या मजकुरावरून आडवं लिहिलं,

‘वरील मजकूर खोटा आहे. अकरा एप्रिलला आम्ही कळवले होते.’

तिच्या त्याच अक्षरात. ओळ उतरली नाय.

त्याच्याखाली आम्ही सह्या केल्या. मी, छाया, नवसाबाई. भागीबाईला सही येत नाय, तिने अंगठा लावला आणि राखीने त्याच्यापुढे कंसात लिहिलं, हा अंगठा खरा आहे. मनोज पॅड तिथंच विसरून गेला.

कागदाचा फोटो छायाने पाठवलाय. मूळ कागद माझ्या पेटीत हाय.

तुझी आत्या,
विमला

•

पुणे, १ ऑक्टोबर

प्रिय आत्यास,
सप्रेम जयभीम.

फोटो मिळाला. बाकीच्या पाच वस्त्यांच्या ‘तातडीच्या नोंदी’ मी काल केल्या, खाली माझ्या नावाने. दोन ठिकाणी टाक्या उपसायला सुरुवात झाली आहे. तीन ठिकाणी अजून नाही. घोटीला नवनाथचा पत्ता शोधायला सांगितलं आहे. मिळाला नाही. शोधते आहे.

सोबत नव्या तक्त्याचा मसुदा आहे. कामगाराच्या नावाचा रकाना काढला आहे. त्या जागी विचारलं आहे, ‘हे काम कोणी करायला हवं होतं?’ हे शब्द बरोबर आहेत का ते राखीला विचार. तिने खोडले तर खोडू दे. साहेबांनी मसुदा अजून मान्य केलेला नाही.

तुझ्या तेरा तारखेच्या पत्रात एक चूक आहे. टाकीपासून तुझ्या दारापर्यंत वीस पावलं नाहीत, एकतीस आहेत. त्या दिवशी मी मोजली. दार लोटलेलं होतं. आत राखी भिंतीकडे तोंड करून झोपली होती आणि तू तिच्या पायांना तेल लावत होतीस. मी परत फिरले.

रविवारी येते.

दिशा